पार्किंगमधली चूल

बी-४०२: सेक्रेटरीसाहेब ती रंगकामवाल्यांची चूल कधी बंद होणार?? पहाटे पाचला धूर थेट बेडरूममध्ये, आईंना दमा आहे. परांचीच्या बांबूचे तुकडे जाळतात, मी स्वतः बघितलं

सेक्रेटरी: ठेकेदाराला सांगितलंय ताई. म्हणतो दीडच महिना राहिलाय

ए-१०१: काढा सगळ्यांना बाहेर. घणसोली गावात खोल्या मिळतात की

सी-७०३: काका डिपॉझिट कोण भरणार? काल त्यातल्या एका पोराशी बोललो, बंगालमधल्या मालद्याचा आहे, दिवसभर झुल्यावर लटकतो आणि रात्री आठ जण पार्किंगमध्ये पुठ्ठे टाकून झोपतात. तांदूळ दुकानातून विकत आणतात, का तर रेशन कार्ड गावी. अरे पण आधार जोडलेलं असेल तर इथल्या रेशन दुकानात अंगठा लावून त्याच्या वाट्याचं ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही फुकट, घरच्यांनी त्यांचं तिकडे उचलायचं. त्याला हे माहीतच नव्हतं

ए-१०१: मेंटेनन्स भरतो आम्ही, रेशनचं ऑफिस नाही उघडलेलं

डी-२०५: आधी संडासचं बोला. वॉचमनच्या टॉयलेटला रात्री नऊला कुलूप, किल्ली ऑफिसात. आठ माणसांनी जायचं कुठे? मग कंपाउंडमागे वास येतो म्हणून परत इथेच मेसेज 🙄

सेक्रेटरी: वहिनी, करारात लिहिलंय मजुरांची व्यवस्था ठेकेदार करेल

सी-७०३: हो, आणि त्याची व्यवस्था म्हणजे आपलं पार्किंग 😀 साहेब शेवटचं बिल अजून आपल्याच हातात आहे ना, तर ते देण्याआधी हजेरी रजिस्टर मागा, पोरांचे पैसे मिळाले का बघा आणि जितके दिवस काम केलं तितक्या दिवसांचा दाखला द्यायला लावा. सरकारच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीला मागच्या वर्षभरातले ९० दिवस दाखवावे लागतात, आणि ही पोरं दोन महिन्यांनी दुसऱ्या साइटवर, कोणीच लिहून देत नाही

बी-४०२: मला त्यांना हाकलायचं नाहीये हो, धूर नको एवढंच

डी-२०५: ५ किलोचा छोटा सिलेंडर घेऊ दे, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो

बी-४०२: पार्किंगमध्ये सिलेंडर?? गाड्या आहेत खाली

सेक्रेटरी: नाही नाही, तिथे नाही. पंपामागची जुनी वॉचमन केबिन रिकामी आहे, खिडकीपण आहे. आणि टॉयलेटची किल्ली आजपासून गेटवर ठेवतो

ए-१०१: केबिन रिकामी नाहीये. माझी सायकल आहे तिथे