पागडीच्या खोलीचा मालक नक्की कोण?

खोली_नं_चौदा: काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं, 'प्रॉपर्टी कार्डावर नाव तो मालक, पागडीवाले सगळे फुकटे.' डोकं फिरलं वाचून. आमच्या आजीच्या पाटल्या मोडून गिरगावातल्या खोलीची पागडी भरलीय, म्हणजे भाडेकरू होण्यासाठी मालकाला एकरकमी मोठी रक्कम दिलीय. खोली दुसऱ्याला द्यायची तर हे कार्डावरचे मालक तिसरा हिस्सा मागतात, आणि छप्पर गळलं की 'म्हाडाकडे जा', म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाकडे. दुरुस्तीचा उपकर भाड्याच्या पावतीत आमच्याकडूनच वसूल होतो! याला मालक म्हणायचं? पावती फाडणारा गुमास्ता म्हणा.

मालकाचा_नातू: पाटल्या सांगितल्यात, आता भाडंही सांगा. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या दरावर गोठवली. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वाढ दिली वर्षाला ४ टक्के, म्हणजे चाळीस रुपयांवर एक रुपया साठ पैसे. मार्च २००० पासून चक्रवाढीने धरलं तरी आज जेमतेम शंभरीपार. जिन्यातल्या दिव्याचं बिल कोण भरतं, तुमची आजी?

खोली_नं_चौदा: आजीवर जायचं काम नाही.

माहेर_परळ: भाडं राहू द्या, पावतीचं बोला. आई गेली, भाड्याची पावती तिच्या नावावर, आणि पावती ज्याची त्याचाच खोलीवर हक्क. मी डोंबिवलीला, भाऊ बंगळूरला. मालक म्हणाला, 'सोबत राहणारं कुणी नव्हतं, हक्क संपला.' वर पावती बदलायचे लाखांत पैसे मागितले. आईचं गादीपासून डब्यापर्यंत सगळं मी बघितलं, पण मी 'सोबत' नाही!

कोर्टाची_पायरी: ताई, बनवलं तुम्हाला. १९९९च्या भाडे कायद्याचं कलम ७ वाचा. सोबत राहणारं कुणी नसेल तर हक्क वारसाला, आणि वारसांत एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. लेक लग्न झालेली म्हणून बाद होत नाही.

माहेर_परळ: आता सांगताय! भावाने खोली परत करून पैसे घेतले. मला विचारलंसुद्धा नाही.

कोर्टाची_पायरी: मग मालकापेक्षा भावाशी भांडा.

माहेर_परळ: सल्ला मागितला होता का?

मालकाचा_नातू: चला, एकदाचा मालक सोडून दुसरा कुणी दोषी निघाला. आणि १९८६ साली म्हाडा कायद्यात काय घुसवलं ते कुणी बोलत नाही. ७० टक्के रहिवाशांनी मागितली की इमारत ताब्यात घ्यायची, मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट द्यायचे. चाळीसवाल्या खोलीचे चार हजार! दक्षिण मुंबईत! हे प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांपुढे गेलं आणि २०२४ला कुठे ठरलं, की प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची होत नाही.

खोली_नं_चौदा: चार हजार कमीच, मान्य. पण तुमच्या आजोबांनी पागडी कुठल्या वहीत दाखवली होती? १९९९चा कायदा लागू होईपर्यंत ती घेणं गुन्हा होता ना? बिनपावतीचे पैसे खिशात घालायचे आणि वर गोठलेल्या भाड्याचं रडायचं.

मालकाचा_नातू: घेणारा गुन्हेगार आणि देणारे साधुसंत, हो ना?

माहेर_परळ: दोघांनी वाटून घ्या. पावती कुठाय माझी?