घराच्या पायाला गायरानातला चिरा काढला तर बेकायदा? छोट्या खाणीवरचे हे नियम कुणासाठी?

चिरेखाणवाला
मंडळी, विषय तापणार हे माहीत हाय, तरी टाकतोय. आमचं गाव बेळगावच्या खानापूर तालुक्यात, सगळं जांभ्याच्या खडकावर. घर बांधायचं म्हटलं की कुदळ-पहार घेऊन गायरानात जायचं, चिरा काढायचा, बैलगाडीतनं आणायचा, हे पणजोबापासून चालत आलेलं. आता बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला आणि तेच काम बेकायदा उत्खनन झालं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या पाव्हण्याचा ट्रॅक्टर रस्त्यात धरला, विकायला नव्हे हो, घराच्या पायासाठी नेत होता बिचारा. सोडवायला जेवढे गेले तेवढ्यात आख्खा पाया विकतच्या चिऱ्यात झाला असता.

कायदा काय म्हणतो बघा. २०१५ च्या फेब्रुवारीत केंद्रानं ३१ खनिजं गौण खनिजात घातली, त्यात जांभा पण आला, म्हणजे कारभार राज्याकडं. राज्याचे नियम १९९४ चे, त्यात २०१६ ला दुरुस्ती करून सरकारी जागेतली लीज लिलावानं द्यायचं ठरवलं. आता मला सांगा, लिलावात बोली कोण लावणार, चार म्हशी आणि दोन एकर शेती असलेला की क्रशर आणि टिप्पर असलेला? त्याच्यावर पर्यावरण मंजुरी. २०१२ ला दीपक कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ५ हेक्टरच्या आतल्या खाणीला पण मंजुरी पाहिजेच. म्हणजे दोन गुंठ्यातल्या खड्ड्याला जो कागद तोच बारा एकराच्या खाणीला.

आणि मोठ्यांना काय? २०२० च्या मार्चात, लॉकडाऊन लागला त्याच आठवड्यात, केंद्रानं रस्ते, पाईपलाईन असल्या कामांना लागणारी माती मंजुरीशिवाय काढायला मोकळीक दिली. किती माती, कुठनं, काही मर्यादा नाही. आम्ही पायाला दगड काढला की चोर.

माझं म्हणणं सरळ हाय, जो हातानं काढतो, गावातच वापरतो, त्याच्यावर सरकारचा नियमच नको. पंचायत बघून घेईल.

जांबोटी_एक्सप्रेस
पंचायत बघून घेईल 😂 पंचायतीला गटारीवरची फरशी बघून घ्यायला वेळ नाही मर्दा

मलप्रभाकाठची
दादा, गायरान तुमच्या पणजोबाचं होतं तसं माझ्या म्हशींचं पण होतं की. कर्नाटकच्या महसूल नियमात दर १०० जनावरांमागं ३० एकर चराऊ जमीन राखायची असं लिहिलेलं हाय. आमच्या गावात तेवढी शिल्लक हाय काय ते तलाठ्याला नको, म्हशीला विचारा. एका बाजूनं शेतात ओढून घेतलंय, एका बाजूनं शाळा, टाकी, स्मशान, आणि उरलेल्यात तुमचे खड्डे.

कुदळ-पहार म्हणता खरं ती आता दिसती कुठं? आमच्याकडं चिरा मशीननं कापतात, गोल पातं फिरतंय आणि लाल धूळ पार ओसरीवर येऊन बसती. वाळत घातलेली कापडं परत धुवायची, कुणी? आणि जांभा एकदा काढला की झालं, तो काय परत उगवत नाही. वरची हातभर माती आधीच खरवडून टाकलेली असती, मग खाली गवतही येत नाही. पावसाळ्यात खड्डा भरला की वरनं पाणी सपाट दिसतंय, खोल किती ते कळत नाही. जनावर घसरलं तर वर काढायला चार माणसं लागतात, पोरांचं तर नावच काढू नका. तुम्ही घर बांधून मोकळे. खड्डा कुणी बुजवायचा, हे तुमच्या एवढ्या लांब पोस्टीत एका ओळीत पण नाही.

चिरेखाणवाला
ताई मशीनवाल्यांच्या बाजूनं मी बोललोच नाही. हातानं काढणारा म्हटलंय, परत वाचा.

मलप्रभाकाठची
वाचलं की. हातानं काढणारा आणि मशीननं काढणारा एकाच खड्ड्यात उतरतात, सकाळी एक, रात्री दुसरा. आणि धाड पडली की दोघं मिळून "गावचं काम हाय साहेब".

टिळकवाडी_वकील
थोडं कायद्याचं बोलतो, कारण मूळ पोस्टीत अर्धंच आलंय. दीपक कुमार निकाल असा आला कारण मोठ्या खाणीचे तुकडे पाडून साडेचार-साडेचार हेक्टरच्या लीज करायच्या आणि मंजुरी चुकवायची हा धंदाच झाला होता. 'छोटी खाण' हा त्यावेळी गरिबाचा शब्द नव्हता, पळवाट होती. हे सोडून निकाल वाचला तर तो जुलमी वाटणारच.

दुसरं म्हणजे २०१६ च्या जानेवारीत केंद्राची जी अधिसूचना आली तिच्या शेवटी एक यादी आहे, मंजुरी कशाला नको त्याची. कुंभारानं हातानं काढलेली माती त्यात आहे, पुरात शेतात येऊन बसलेली वाळू शेतकऱ्यानं काढणं आहे, विहीर खणणं आहे, तळ्यातला गाळ काढणं आहे, आणि गावच्या रिवाजानुसार स्वतःच्या वापराला किंवा गावकीच्या कामाला काढलेली वाळू-माती पण आहे. म्हणजे तुम्ही मागताय त्यातलं बरंचसं कागदावर आलेलं आहे. चिरा मात्र त्यात नाही, तेवढी तुमची तक्रार खरी.

आणि २०२० ची ती हायवेवाली सूट सुप्रीम कोर्टानं २१ मार्च २०२४ ला रद्द केली. कारण जवळपास तुमचंच, मर्यादा नाही, देखरेख नाही, मनमानी आहे. पण त्याच तर्कानं उद्या 'हातानं काढणाऱ्यावर नियमच नको' ही सूट पण उडेल. मर्यादा नसलेली सूट मोठ्याला दिली काय आणि छोट्याला दिली काय, कोर्टात टिकत नाही.

चिरेखाणवाला
वकीलसाहेब, रद्द केली खरं ४ वर्षांनी. तोवर भराव घालून, वर डांबर पडून टोल सुरू. बेळगाव-पणजी रस्त्यानं जा एकदा, खानापूरच्या पुढं दोन्ही बाजूला बघा आणि मला सांगा कुठल्या गरीब माणसानं पहारीनं एवढं खणलं. कणकुंबीला कळसा नाल्याचं पाणी वळवायच्या कालव्यासाठी जे खणून ठेवलंय ते बघा. ते सरकारचंच काम, त्याला उत्खनन म्हणत नाहीत, विकास म्हणतात.

आणि ती यादी तुमच्या ऑफिसात फायलीला लावलेली असेल, रस्त्यावर ट्रॅक्टर अडवणाऱ्याच्या खिशात नसती. तिथं एकच यादी, परमिट हाय काय, वाहतुकीचा पास हाय काय. शिवाय तुमची सूट मंजुरीपुरती, रॉयल्टी आणि पास वेगळाच राहिला. तो ऑनलाईन, आणि सगळं कन्नडात. माझ्या बापाला कन्नड बोलता येतंय, वाचता येत नाही. मग दुकानात जाऊन दुसऱ्याकडनं भरून घ्यायचं, त्याचे पैसे वेगळे. केंद्राच्या कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी ५ लाखापर्यंत दंड लिहून ठेवलाय, ते ऐकलं की माणूस जाग्यावरच काय ते मिटवतोय. कुठं मिटतंय ते सगळ्यांना माहीत.

निपाणीचा_नाना
महाराष्ट्रात बरं हाय. कुंभाराला ५०० ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मातीला रॉयल्टी माफ. आमच्याकडनं कागल किती लांब? तिथला कुंभार मोकळा आणि आमचा पावती घेऊन फिरतोय. म्हणून तर म्हणतोय आम्ही इतकी वर्षं की तिकडं जाऊदे आम्हाला

हुक्केरी_बॉय
झालं सुरू. नाना सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात हाय, त्याचा निकाल लागेपर्यंत चिरा काढायचं थांबवायचं काय?

आणि महाराष्ट्रात ब्रासमागं ६०० रॉयल्टी केल्यावर तिकडचे पण बोंबलतच होते. वाळूचे डंपर तलाठ्याच्या अंगावर तिकडं पण घालतात. बॉर्डर ओलांडली म्हणून वाळूवाला साधू होत नाही.

मला खरं चिरेखाणवाल्यांना एक विचारायचंय. बल्लारीच्या लोखंडाच्या खाणी विसरलात काय? तिथं लीज एकाच्या नावावर आणि खणणारा भलताच, हे लोकायुक्तांच्या रिपोर्टात आलं, २०११ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं खाणकामच बंद केलं, आणि त्या तडाख्यात लॉरी ड्रायव्हर, हमाल, टपरीवाला सगळे घरी बसले. नियम वेळेवर पाळला असता तर बंदीची पाळी आली नसती. छोट्याला वाचवायचं म्हणून नियम काढा म्हणणारे शेवटी छोट्यालाच घरी बसवतात.

चिरेखाणवाला
लोखंडाचं आणि चिऱ्याचं काय घेऊन बसलाय? लोखंड चीनला जात होतं, माझा चिरा शेजारच्या गल्लीत जातोय.

छिन्नी_हातोडा
बराच वेळ वाचूलालोय, आता बोलतो. मी वडार. इथं सगळे गरीब, छोटा, हातानं काढणारा म्हणून जे बोलताय ते म्हणजे आम्ही, आणि आम्हाला कुणी विचारलंच नाही.

माझ्या बापाच्या हाताची बोटं सरळ होत नाहीत, सुतकी, म्हणजे दगड फोडायचा घण, मारून मारून. त्यानं आयुष्यात एक लीज बघितली नाही. लीज एकाची, गायरान सरकारचं, गाव म्हणतंय आमचं, आणि फोडणारे आम्ही, दर ठोक्यावर नाही, ब्रासवर. चिरेखाणवाले दादा, तुमच्या पणजोबानं चिरा काढला म्हणता, त्यानं काढला की काढून घेतला? रागावू नका, सगळ्या गावात तसंच होतं.

तुम्ही म्हणता नियम नको. नियम नसला की आम्हाला टोपी नाही, विमा नाही, सुरुंग कोण लावतोय त्याचा पत्ता नाही. २०२१ ला जानेवारीत शिमोग्याजवळ हुणसोडूला आणि महिन्याभरानं चिक्कबळ्ळापूरला जिलेटिन उडालं, मेले कोण ते पेपर काढून बघा, मालक किती आणि कामगार किती. आणि वकीलसाहेब म्हणतात नियम पाहिजे, तर त्याच नियमातनं लिलाव आला आणि आम्ही लिलावाच्या दारात पण उभारू शकत नाही. डिपॉझिटच भरायला नाही. म्हणजे दोन्हीकडनं आमचीच पाठ.

नाना, तिकडं आमची माणसं विमुक्त जातीत, इकडं आम्ही एससीत, तिकडची सवलत ऐकून इकडं काय उपयोग. माझं मागणं वेगळं हाय. सरकारी जागेतल्या लहान खाणी लिलावात घालू नका, दगड फोडणाऱ्यांच्या सोसायटीला द्या, नियमासकट द्या. रॉयल्टी आम्ही भरू, पास काढू, टोपी घालू. फुकट नको.

जांबोटी_एक्सप्रेस
हे बेस्ट. पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं

टिळकवाडी_वकील
सोसायटीची मागणी बसू शकते, राज्याचे नियम राज्याला बदलता येतात, त्यासाठी दिल्लीला जायला नको. पण पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा डोक्यात ठेवा. ३१ जुलै २०२४ ला सहावा मसुदा आला, त्यात कर्नाटकाचे २०,६६८ चौरस किलोमीटर आहेत, आपल्या तालुक्यातली गावं पण आहेत. राज्यानं नको म्हटलंय, पण तो अंतिम झाला तर त्या गावात खाण म्हणजे खाण, सोसायटीची असो की सावकाराची, बंद.

चिरेखाणवाला
बघा म्हणजे, बंगळूर आणि दिल्ली दोघं मिळून ठरवणार आमच्या दारातल्या दगडाचं. मी हेच म्हणतोय पहिल्यापासून.

छिन्नी दादा, तुमच्या सोसायटीला माझा विरोध नाही, लिलावाला विरोध हाय. पण रॉयल्टी-पास तुम्ही मान्य केलात म्हणजे उद्या तुम्हाला पण त्याच खिडकीत उभं राहायचंय, तेवढं लक्षात ठेवा. घरच्या वापराला तरी मोकळीक पाहिजेच, वर्षाला अमुक ब्रास, पंचायतीच्या वहीत नोंद, बस. वकीलसाहेब म्हणतात तशी मर्यादा घाला की, मी नको म्हटलंय काय?

हुक्केरी_बॉय
पहिल्या पोस्टीत म्हटलंय की, 'नियमच नको' 😄

चिरेखाणवाला
सरकारचा नको म्हटलंय. गावचा चालेल.

मलप्रभाकाठची
मग गावच्या नियमात पहिली ओळ मी सांगते. खणायच्या आधी पैसे पंचायतीत ठेवायचे, खड्ड्याच्या मापानं, आणि खड्डा बुजवून वर माती पसरली की परत न्यायचे. सोसायटी असूदे, पाव्हणा असूदे. दुसरी, म्हशी जातात त्या वाटेपासून लांब. आणि ग्रामसभा कामाच्या दिवशी दुपारी ठेवायची नाही, त्या वेळी आम्ही शेतात असतो आणि मागनं सह्या होतात.

छिन्नी_हातोडा
ताई पहिली ओळ मान्य. पैसे खरं ज्याची लीज त्यानं ठेवायचे, फोडणाऱ्याच्या मजुरीतनं कापायचे नाहीत, हे पण त्याच वहीत लिहा.

चिरेखाणवाला
आधी पैसे ठेवायचे तर ते पण डिपॉझिटच झालं की ओ ताई.

मलप्रभाकाठची
होय. डिपॉझिटच.