नरसंहार, वंशसंहार की निर्वंश?

अमळनेरहून : नववीच्या मुलांसाठी रवांडावर टिपण करतोय. 1994, एप्रिल ते जुलै, जेमतेम 100 दिवसांत 8 लाखांच्या आसपास माणसं मारली, बहुतेक तिथल्या तुत्सी जमातीची. शीर्षकात 'हत्याकांड' लिहिलं, तर शाळेतल्या एका बाई म्हणाल्या, 'वंशसंहार' हवं. फरक काय?

जळगावहून : बाई बरोबर आहेत. हत्याकांड म्हणजे एक घटना, जसं 13 एप्रिल 1919 चं जालियनवाला बाग. नरसंहारातून मेलेल्यांची संख्या कळते, पण का मारलं ते कळत नाही. पोलंडचे ज्यू वकील राफाएल लेमकिन यांनी 1944 मध्ये 'जेनोसाइड' हा शब्द घडवला, ग्रीक 'गेनोस' म्हणजे वंश, जमात. 1948 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही हेतूच मुख्य आहे : राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा.

धुळ्याहून : 'शिरकाण' राहिला की! शिर्क्यांच्या कत्तलीवरून आला म्हणतात. मला ती नंतर रचलेली गोष्ट वाटते, 'शिर' समोर दिसतंय.

शहाद्याहून : शिरकाण इथे नको, तो रणातला शब्द. पण 'संहार'सुद्धा अपुरा पडतो. त्या करारात जन्म होऊ न देणं आणि मुलं हिसकावून दुसऱ्या गटाला देणं हेही येतं. तिथे कुणी मारलं जातंच असं नाही. आमची आजी भांडणात 'तुनं वाटोयं होवो' दिवसातून दहादा म्हणायची, पण 'निर्वंश' शब्द कुणी काढला की ओटा गप्प. शिवी एका घराला असते, हे अख्ख्या समाजाला.

अमळनेरहून : हे मुलांना लगेच कळेल. आमच्याकडे घरोघरी हा शब्द माहीत आहे.

जळगावहून : मग त्याआधीचे शब्दही सांगा. तुत्सींना रेडिओवरून 'झुरळं' म्हणत, आणि मारण्याला 'काम'. ज्यूंच्या कत्तलीला नाझी म्हणत तो 'अंतिम तोडगा' त्याच जातीचा.

धरणगावहून : लांब कशाला जाता? भिल्लांचा 'बंदोबस्त' केला, असं आपण किती सहज लिहितो! कोणाला कसं मारलं, ते त्या एका शब्दाखाली झाकलं जातं. त्याला वंशसंहार म्हणावं की नाही, ते कागद तपासून ठरवा. पण 'बंदोबस्त' हा शब्द मारणाऱ्याचा आहे.

अमळनेरहून : शीर्षक 'रवांडातला वंशसंहार' केलं. तास मात्र 'झुरळं'पासून सुरू करणार.