मदत हवी आहे: 'कम्पल्शन'साठी आत्याच्या मनाला लागणार नाही असा मराठी शब्द

नमस्कार मंडळी,

माझ्या आत्याला ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती करायला लावणारा मानसिक आजार) असल्याचं दोन महिन्यांपूर्वी कळलं. उपचार सुरू आहेत. डॉक्टरांनी घरच्यांसाठी इंग्रजी पत्रक दिलंय. आत्या आणि आतोबा दोघांनाही वाचता यावं म्हणून ते मराठीत करायला बसले आणि दुसऱ्याच ओळीत 'कम्पल्शन'पाशी अडकले.

शब्दकोशात 'सक्ती, जबरदस्ती' असे अर्थ मिळतात. कुणी धाक दाखवून सही करून घेतली, तर तिथे ते चपखल बसतात. पण आत्यावर कोण जबरदस्ती करतंय? रात्री ती गॅस बंद करते, अंथरुणावर पडते, पुन्हा उठते. रेग्युलेटर सात वेळा चाचपून बघते. सहाव्या वेळी कुणी हाक मारली की परत एकपासून सुरुवात. गॅस बंद आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं. "कळतंय गं मला, पण आतून कुणीतरी दामटतंय," असं ती म्हणते. तिचं तासन्‌तास हात धुणं आम्ही कित्येक वर्षं सोवळं समजून सोडून दिलं, याचं मला फार वाईट वाटतं.

गंमत म्हणजे तिचं 'दामटणं' शब्दाच्या मुळाशी अगदी जवळ आहे. 'कम्पल्शन' आलाय लॅटिन 'कोम्पेल्लेरे'वरून, म्हणजे गुरं एकत्र हाकावीत तसं हाकत नेणं. 'कम्पल्सरी' त्याच घरातला. 'इम्पल्स'सुद्धा 'पेल्लेरे' म्हणजे ढकलणे यातूनच आलेला, पण डॉक्टर या दोघांत फरक करतात. इम्पल्स म्हणजे अचानक उसळलेली इच्छा. चोरी करण्याची अनावर ओढ, म्हणजे क्लेप्टोमेनिया, ते त्या गटात धरतात. कम्पल्शनमध्ये माणूस मजेसाठी काही करत नाही. मनात नको असलेला विचार घुसतो, जीव घाबरा होतो आणि तेवढ्यापुरतं शांत व्हावं म्हणून तीच कृती पुन्हा पुन्हा होते. तो विचार म्हणजे ऑब्सेशन आणि ती कृती म्हणजे कम्पल्शन. कधी ती मनातल्या मनातही असते: आकडे मोजणं, एखादं वाक्य घोकणं.

मराठीत आतल्या ओढीसाठी शब्दांची कमी नाही, पण प्रत्येक कुठेतरी निसटतो. तलफ चहाची, तंबाखूची. पत्रकात पुढे आलेल्या 'क्रेव्हिंग'ला मी तोच लावलाय. हुक्की लहरी माणसाला येते. खुमखुमी भांडायची. चटक लागते ती आवडणाऱ्या गोष्टीची. उबळ मला बराच वेळ पटली होती, कारण खोकल्याची उबळ दाबता येत नाही आणि तिच्यात सुखही नाही. पण उबळ येते आणि जाते. सात वेळा मोजत बसायचा शिस्तबद्ध भाग तिच्यात नाही.

'मंत्रचळ' मला माहीत आहे, ओसीडीबद्दलच्या मराठी लेखांत सर्रास असतो. पण तो आजाराचं नाव झाला, एकेका कृतीचं नाही. शिवाय त्यातला 'चळ' नको वाटतो. 'हिला चळ भरलाय' हे वाक्य आत्याने स्वतःबद्दल ऐकलेलं आहे. तेच तिच्या हातात छापून कसं द्यायचं?

सध्या 'अनिवार कृती' लिहून ठेवलंय. जिचं निवारण होत नाही ती अनिवार, अर्थ नेमका बसतो. आतोबांनी मात्र ते 'अनिवार्य' वाचलं आणि विचारलं, "म्हणजे हे करायलाच हवं का?" इथेच सगळं उलटं होतं! तिच्या उपचाराचा गाभाच असा आहे की भीती वाटू द्यायची आणि तरी ती कृती करायची नाही, म्हणजे भीती हळूहळू आपोआप ओसरते. घरच्यांनीही तिच्या वतीने गॅस तपासून 'बंद आहे, बंद आहे' असा दिलासा देत बसायचं नाही. त्यामुळे 'करायलाच हवं' असा वास येणारा शब्द इथे घातक ठरेल.

तर मंडळी, मनाविरुद्ध, भीतीपोटी आणि पुन्हा पुन्हा, या तिन्ही छटा धरणारा शब्द तुमच्या घरात, गावात कुणी वापरतं का? मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी काहीही चालेल. आणि समुपदेशन करणारं कुणी इथे असेल, तर रुग्णाशी मराठीत बोलताना तुम्ही काय म्हणता? 'कम्पल्शन' तसाच ठेवून खाली समजावून सांगता का?

पुढच्या भेटीआधी पत्रक तिच्या हातात द्यायचंय. तोवर तिचंच 'आतलं दामटणं' पेन्सिलीने लिहून ठेवते.