गोळीचं नाव सगळ्यांना पाठ, पुढचं काय?

फोंड्याची मास्तरीण

एफवायच्या वर्गात गेल्या आठवड्यात मिठाईचा रिकामा खोका फिरवला, झाकणाला चीर पाडून. विषय पाळी आणि आरोग्य. नाव न घालता काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून टाका, एवढंच सांगितलं होतं. मला वाटलं पोटदुखी, पिंपल्स, अनियमित पाळी असलं काही येईल. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या एकाच गोळीवरच्या निघाल्या, संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून घ्यायच्या. 'आय-पिल आणि अबॉर्शनची गोळी एकच ना?' 'तीनदा घेतली की पुढे मूल होत नाही हे खरं?' 'आधीच घेऊन ठेवली तर चालते का?' एका चिठ्ठीवर होतं, '७२ म्हणजे ७२ गोळ्या?' आधी हसू आलं, मग नाही आलं.

ही गोळी आपल्याकडे २००५ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं त्यानंतर जन्मलेली. म्हणजे गोळी त्यांच्याहून मोठी, आणि ओळख नावापुरतीच.

माझं मत: पहिल्या वर्षाच्या पहिल्याच सत्रात यावर एक तास व्हावा, मुलगे-मुली एकत्र बसवून. स्टाफरूममध्ये हे बोलले तर दोघांनी चहाचे कप उचलले आणि बाहेर गेले. म्हणून इथे मांडते.

पेडण्याचा बाप

बाई, राग मानू नका, पण साफ असहमत. माझी मुलगी पणजीला एसवायला आहे, रोज पेडण्याहून जाऊन-येऊन. तिला अक्कल नाही असं मी म्हणत नाही. पण हजेरी घेऊन, फळ्यावर लिहून शिकवलं की पोरं त्याचा एकच अर्थ काढतात: हे चालतं. बाहेरची माणसं गोव्यात कशाला येतात ते आपण बघतोच. त्यावर आता आपल्या कॉलेजांनीही शिक्का मारायचा?

दुसरं. ही गोळी सोयीची कोणाला? मुलगा शंभर-सव्वाशे काढून देतो आणि मोकळा. मळमळ, पुढे-मागे झालेली पाळी, महिनाभराची धडधड, सगळं तिच्या वाट्याला. पूर्वी निदान त्याच्या छातीतही धडधड असायची.

काउंटरमागचा

म्हापशात माझी फार्मसी आहे, वीस वर्षं झाली. पेडणेकरांचा दुसरा मुद्दा मी रोज बघतो. घ्यायला येतात ते बहुतेक मुलगेच. हेल्मेट डोक्यावरच. आधी च्युइंगगम मागतात, मग क्रोसिनची पट्टी, मग दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत वजनकाट्याकडे बघत उभे राहतात, आणि शेवटी आवाज उतरवून, 'ती ७२ वाली'. एकजण महिन्यातून दोन-तीनदा यायला लागला. म्हटलं, बाबा रे, ही अडीनडीची गोळी, नेहमीची नव्हे, कंडोम ने. तर म्हणतो, 'तिला सवय झालीय.'

तास कॉलेजात घ्या नाहीतर नका घेऊ, प्रश्न काउंटरवर विचारायला हवा. किती वेळ झाला, या महिन्यात आधी घेतलीय का, पाळी चुकलीय का. नाही विचारलं तर माझ्यात आणि पाववाल्या पदेरात फरक काय? तोसुद्धा पाव मोजून देतो आणि पुढच्या दारात जातो.

सत्तरीची

कृपा करून विचारू नका. मैत्रिणीची गोष्ट म्हणून सांगायचा कंटाळा आलाय, माझीच सांगते.

सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या फार्मसीत मालक बाबांचा वर्गमित्र. वाळपईत गेले तर तिथला पोरगा आधी विचारणार, 'खंयची गो तूं? कोणाची?' बुधवारी रात्री कंडोम फाटला. गुरुवारी तोंड उघडायची हिंमत झाली नाही. शुक्रवारी कॉलेज बुडवून कदंबाची बस पकडली, साखळी, डिचोली करत म्हापशाला. शुक्रवारचा बाजार, गर्दीत कोण ओळखतं म्हणून. गोळी घेतली आणि बाहेर पडते तोच समोर आमच्या वाड्यावरची काकी, हातात सुक्या बांगड्यांची पिशवी. 'आज कॉलेज ना गो?' मी म्हटलं, झेरॉक्स काढायची होती. काकी बसस्टँडपर्यंत बरोबर आली. कानातल्यांच्या स्टॉलपाशी ती थांबली तेवढ्यात मी गोळी गिळली. परतीच्या बसमध्ये डिचोलीच्या अलीकडे उलटी झाली. गोळी गेली की राहिली, काही कळेना. खोक्यातला कागद वाचत होते, अक्षरं मुंगीएवढी, बस वळणावर.

पाळी आठ दिवस उशिरा आली. ते आठ दिवस मी काय जगले ते माझं मला माहीत. काउंटरवर तीन प्रश्न विचारले असते तर मी गोळी न घेताच परत फिरले असते.

आणि पेडण्याच्या काकांना: धडधड त्यालाही होती. पण बाजारात काकी मला भेटली, त्याला नाही.

रात्रपाळी

निवासी डॉक्टर आहे, म्हणून आधी चिठ्ठ्यांची उत्तरं. अबॉर्शनची गोळी वेगळी. ती डॉक्टरने तपासून, चिठ्ठी लिहूनच द्यायची. ही गोळी, म्हणजे लिव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम, बीजांड बाहेर पडणं लांबवते. दिवस राहिलेच असतील तर ती काही करत नाही, पाडतही नाही. ७२ म्हणजे तास, पण त्याचा अर्थ 'तीन दिवस आहेत, बघू सावकाश' असा नव्हे. जितकी लवकर तितकी कामाची, आणि बीजांड आधीच सुटलं असेल तर फारशी कामाची नाही. मूल न होण्याची गोष्ट खोटी. संबंधाच्या आधीच गिळून ठेवायची ही गोळी नव्हेच. गोळीनंतर त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला तर आधीची गोळी पुढचं राखत नाही. मुलं नेमकी इथेच फसतात. टीबीची किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर तिचा जोर कमी पडतो. एचआयव्ही किंवा दुसऱ्या लागणीपासून ती कोणालाच वाचवत नाही.

सत्तरीची, गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची असते. पाळी आठवडाभर लांबली की घरच्या किटवर तपासायचं. पुढच्या वेळी (येऊ नये, पण) पाच दिवसांच्या आत तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवणं हा गोळीहून खात्रीचा उपाय आहे. हे मी कॉलेजच्या मुलींना सांगतो तर त्या 'तांबी' शब्दालाच हसतात. तो त्यांच्या आईचा शब्द.

आता भांडण. बाई, तास घ्या, पण गोळीपासून सुरुवात करू नका. गोळी शेवटची. आधी कंडोम, मग नेहमीची साधनं, मग ही. आणि फार्मसीवाले, तीन प्रश्न नकोत, एकच: किती तास झाले. तोही कागदावर लिहून पुढे सरकवा, ओरडून नको.

पेडणेकर, भीती वाटली म्हणून मुलं थांबतात, हे मी रात्रपाळीत पाहिलेलं नाही. भीतीने ती उशिरा येतात एवढं पाहिलंय. कुठूनतरी मिळवलेल्या गर्भपाताच्या गोळ्या स्वतःच घेऊन, रक्त थांबेना म्हणून रात्री दोनला.

पेडण्याचा बाप

डॉक्टर, वाचलं. दोनदा वाचलं. तरी एक सांगा. बारावी करून जूनमध्ये एफवायला येणारी कितीतरी मुलं सतराचीच असतात. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, आहे. उद्या एखादी सतराची मुलगी बाईंना वर्गाबाहेर गाठून सगळं सांगून गेली, तर बाई काय करणार?

फोंड्याची मास्तरीण

हा प्रश्न मला खरंच अडवतो. २०१२ च्या त्या कायद्याने अठराच्या आतल्या संमतीला संमती मानलेलंच नाही. कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव डॉक्टरने पोलिसांना दिलं नाही तरी चालेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं, पण ते डॉक्टरपुरतं. मास्तरणीचं काय? म्हणूनच खोका, म्हणूनच बिननावाच्या चिठ्ठ्या. मला उत्तर द्यायचंय, नाव नकोय.

डॉक्टर, क्रमाचं पटलं. काकांचं मुलग्यांबद्दलचंही. एकत्र बसवायचं म्हणते ते त्यासाठीच.

बॅकबेंचर

एक मुलगा म्हणून. हेल्मेट का काढत नाही, तर काढलं की फार्मसीवाला आधी चेहरा बघतो, मग मागे बसलेल्या त्याच्या बायकोला बघतो, आणि मग दोघं हसतात. आम्हाला कोणी काही सांगितलेलंच नाही. दहावीला तो धडा आला तेव्हा सरांनी 'घरी वाचा' म्हटलं. घरी कोणासमोर वाचणार?

पण तिच्यासमोर एकत्र बसून ऐकायचं म्हणजे लाज वाटेल. आधी वेगळं, मग एकत्र, असं करता येईल का?

सत्तरीची

लाज वाटू दे की. मला बसमध्ये वाटली.

पेडण्याचा बाप

माझं मत बदललेलं नाही. कॉलेजने यात पडू नये. आरोग्य केंद्रात डॉक्टर, नर्स आहेत, सरकारी पुरवठ्यात ही गोळी फुकट आहे, तिथे जावं.

सत्तरीची

आमच्या केंद्रातली नर्स माझी मावशी आहे.

काउंटरमागचा

डॉक्टरांचं ऐकून कागद केला. बिलाच्या पाठीवर मोठ्या अक्षरात: 'किती तास झाले?' आज संध्याकाळी एक हेल्मेट आलं. च्युइंगगम, क्रोसिन, वजनकाटा, सगळं झालं. गोळीबरोबर कागद पुढे सरकवला. त्याने वाचला, उलटा करून बिल बघितलं, पुन्हा वाचला आणि मला विचारतो, 'कसले तास?'