भरती टाळून आलेला शूर शिपाई
१८७६ मध्ये अमेरिकेच्या सातव्या घोडदळाची मूळ रहिवासी योद्ध्यांशी लिटल बिगहॉर्न येथे लढाई झाली. ‘या लढाईतून कोणीच वाचले नाही’ हे विधान खुद्द घोडदळाचा सेनानी कस्टर याच्यासोबतच्या तुकड्यांपुरतेच खरे आहे. त्याचे अधिकारी रेनो आणि बेंटीन यांचे बरेच सैनिक टेकडीवर तग धरून राहिले. त्यांच्यातच चार्ल्स विंडॉल्फ हा जर्मन स्थलांतरित होता. प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यातील सक्तीची भरती टाळण्यासाठी देश सोडलेला हा माणूस अमेरिकेत मात्र याच सातव्या घोडदळात शिपाई झाला, ही विसंगती मला त्याला पुढे मिळालेल्या पदकापेक्षाही बोलकी वाटते. तहानलेल्या जखमींसाठी नदीवरून पाणी आणणाऱ्यांना संरक्षण मिळावे म्हणून २६ जून १८७६ रोजी तो तीन सोबत्यांसह, लाकोटा आणि शायेन या मूळ रहिवासी जमातींच्या योद्ध्यांच्या माऱ्यात, उघड्यावर राहून गोळीबार करत राहिला. त्याबद्दल त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. पुढे त्याने होमस्टेकच्या सोन्याच्या खाणीत अनेक वर्षे नोकरी केली आणि १९५० मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी, तो वारला.