दोन आरोपींना एकच वकील: गांजा प्रकरणातील शिक्षेविरुद्धच्या अपिलात हा मुद्दा टिकेल का?

खानापूरकर
माझे दाजी मालवाहू पिकअपवर चालक होते. गाडीतील पोत्यांत २४ किलो गांजा सापडला आणि विशेष न्यायालयाने त्यांना दहा वर्षे सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड सुनावला. गाडीमालक मात्र सुटला. दोघांचे वकील एकच होते आणि त्यांची फी मालकानेच भरली, जे त्या वेळी आम्हाला उपकारासारखे वाटले. पोती मालकाच्या माणसांनी भरली आणि आत भुईमुगाच्या शेंगा असल्याचे सांगितले, हे दाजींनी वकिलांच्या कानावर पहिल्याच भेटीत घातले होते. तरीही उलटतपासणीत त्यावर एकही प्रश्न आला नाही आणि आरोपीच्या जबाबाच्या वेळी प्रत्येक प्रश्नाला ‘खोटे आहे’ एवढेच म्हणायला त्यांना बजावण्यात आले. वकालतनामा कन्नडमध्ये होता. दाजींनी खाली मराठीत सही केली. निकालाला ४१ दिवस झाले आहेत. काय करावे?

धारवाडवारी
आधी मुदत पाहा, बाकीचे नंतर. उच्च न्यायालयातील अपिलाला ६० दिवस मिळतात. निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात, पण त्या भरवशावर राहू नये. बेळगाव जिल्ह्याचे अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात चालते. दाजी बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या कारागृहात असतील, तर तुरुंग अधीक्षकांमार्फतही ते अपील पाठवू शकतात, आणि कोठडीतील व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळतो.

जुना फौजदारी वकील
‘आमच्या वकिलाने नीट काम केले नाही’ एवढ्यावर अपील उभे राहत नाही. पहिला वकील सक्षम नव्हता, एवढ्या कारणासाठी साक्षीदार पुन्हा बोलावता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये शिवकुमार यादव प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र मोहम्मद हुसेन (२०१२) आणि अनोखीलाल (२०१९) या प्रकरणांत बचावाची खरी संधीच न मिळाल्याने शिक्षा रद्द होऊन खटला पुन्हा चालवण्याचे आदेश झाले. तुमची बाजू या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्याच्या कलम ३५ आणि ५४ मुळे ताबा सिद्ध झाला की आरोपीला माहिती होती असे गृहीत धरले जाते, आणि ‘मला माहीत नव्हते’ हे दाखवण्याचा भार त्याच्यावरच येतो. दाजींकडे बचाव एकच होता, आणि तो मांडायचा तर बोट मालकाकडे दाखवावे लागले असते. जो वकील मालकाचाही होता, त्याला ते करता आले नाही. अशिलाच्या विरोधात जाऊ शकेल असा आपला कोणताही संबंध वकिलाने आधीच पूर्णपणे उघड करावा, असे बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचे, नियमही सांगतात. तेव्हा न विचारलेला प्रश्न आणि त्यामागचे कारण, दोन्ही खटल्याच्या कागदांतूनच दाखवा. मालकाची मुक्तता रद्द व्हावी अशी मागणी तुम्हाला करायची गरज नाही.

निपाणीचा वाचक
आमच्या नात्यातील एका प्रकरणात आम्ही बार कौन्सिलकडे तक्रार करण्यातच सहा महिने घालवले, आणि अपील मागे पडले. तक्रारीने शिक्षा हलत नाही. आणखी एक, थोडे विषयाबाहेरचे: गांजाचे ‘व्यापारी प्रमाण’, म्हणजे सर्वांत कडक शिक्षेचा वजनगट, २० किलोंच्या वर सुरू होते आणि शेंड्यांशिवायची नुसती पाने व बिया कायद्याच्या व्याख्येत गांजा ठरत नाहीत. २४ किलोंत पोत्यांचे वजन धरले होते का, हे पंचनाम्यात अवश्य पाहा.

खानापूरकर
आज नक्कल विभागात फाईल पाहिली. दोन्ही वकालतनाम्यांवर तारीख एकच आहे. त्यानंतर तीन आठवड्यांनी मालकाने गाडी सोडवण्यासाठी दिलेल्या अर्जात ‘चालकाने माझ्या परस्पर माल भरला’ असे वाक्य आहे, आणि त्या अर्जावर सही दाजींच्याच वकिलांची आहे.

जुना फौजदारी वकील
त्या अर्जाची प्रमाणित नक्कल उद्याच मागवा. तुमच्या अपिलातला पहिला मुद्दा तोच आहे.